शपथ आहेच. दवाखाना कुठाय?

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललेलं शक्यतो तसंच ठेवलं आहे.)



मला विषय दिला आहे व्यसनमुक्ती. हा शब्द फळ्यावर दिसला की आपली पोरं हळूच चहाला सटकतात. त्यांचं चुकत नाही. या विषयावरची सगळी भाषणं एकाच माणसाने लिहून दिल्यासारखी असतात. दारू वाईट, गर्द वाईट, संसाराची राखरांगोळी होते, बाबासाहेबांनी काय सांगितलं आणि तुम्ही काय करता. मग टाळ्या. ज्याला हे सांगायचं तो तिथे नसतोच. तो नाक्यावर, नाहीतर पुलाखाली, नाहीतर घरात भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो.

मी गोदीत कंत्राटी कामगार आहे. मॅट्रिक पास. कविता लिहितो. डॉक्टर नाही. पण डॉक्टरांना विचारलंय, केंद्रांत जाऊन बसलोय, मिळालं ते वाचलंय. मला आज एवढंच बोलायचंय की ज्याला व्यसन लागलंय त्याचं करायचं काय. उपचार कोणते आहेत, ते कुणाला मिळतात, कुणाला मिळत नाहीत, आणि आपण चळवळवाले त्यात कुठे उभे आहोत.

पहिल्यांदा शब्द बघा. आपल्या वस्तीतला प्यायला तर तो बेवडा. त्याने पावडर ओढली तर गर्दुल्ला. मलबार हिलवरचा तेच करतो तेव्हा त्याला ‘प्रॉब्लेम’ असतो, आणि त्या प्रॉब्लेमसाठी लोणावळ्याच्या वाटेवर हिरवळीचा बंगला असतो, तिथे योगा असतो. आपल्या माणसाला पोलीस चौकी असते. वरचे म्हणतात, यांच्या जातीतच ते आहे. आपले म्हणतात, याने समाजाचं नाव घालवलं. दोघांची भाषा वेगळी, पण काम एकच. दोघेही त्याला बाहेर काढतात.

जातीत काही नसतं. बाजारात असतं. मी ज्या बंदरात ओझी उचलतो त्याच मुंबई बंदरातून एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू पेट्या भरभरून चीनला जायची. चीनने माल अडवला तेव्हा इंग्रजांनी युद्ध केलं, १८३९ ते १८४२. त्या व्यापारात मुंबईतले शेठ गब्बर झाले. सर जमशेटजी जीजीभॉय त्यांतले मोठे. कापूस आणि अफू. त्यांच्या देणगीवर उभं राहिलेलं जे. जे. हॉस्पिटल १८४५ साली सुरू झालं. आजही आपली माणसं तिथे रांगेत उभी राहतात आणि वाचतात, म्हणून मी त्या इमारतीवर थुंकायला सांगत नाही. एवढंच लक्षात ठेवा, की नशेचा पैसा वर चढतो आणि नशा खाली उतरते. त्यातला थोडासा पैसा दवाखाना होऊन परत आला, तर ती कुणाची मेहेरबानी नाही. ते आपलं येणं आहे.

आता सरकारकडे बघा. आपल्या राज्यातल्या दारूच्या कायद्याचं नाव काय आहे माहीत आहे? महाराष्ट्र दारूबंदी कायदा. १९४९ चा, तेव्हा त्याचं नाव मुंबई दारूबंदी कायदा होतं. नाव दारूबंदी, आणि त्याच कायद्याखाली पिण्याचा परवाना मिळतो, विकण्याचाही मिळतो, आणि राज्याच्या तिजोरीत वर्षाला हजारो कोटी रुपये जमा होतात. आपला माणूस रोज पितो तेव्हा रोज कर भरतो. तो आजारी पडला की मात्र कर भरणाऱ्याला कुणी ओळखत नाही.

आणि पितो का? गटारात उतरणाऱ्या भावाला विचारा. तो सांगेल, शुद्धीत असताना त्या भोकात पाय घालवत नाही. रात्रपाळी करून पाठीचा मणका सरकलेल्या हमालाला विचारा. आमच्याकडे जहाज लवकर रिकामं करायचं असलं की मुकादम क्वार्टर दाखवतो, जादा पैसे दाखवत नाही. हे सगळं खरं आहे. पण मित्रांनो, इथेच थांबून ‘व्यवस्थाच जबाबदार’ म्हणून मोकळं होणं ही पण एक पळवाट आहे. व्यवस्थेने त्याला बाटलीपर्यंत आणलं, हे कारण झालं. आता तो बाटलीत अडकलाय, ही अवस्था झाली. कारण समजलं म्हणून अवस्था जात नाही. टीबी झोपडीतल्या कोंदट हवेने पसरतो हे समजलं म्हणून टीबीची गोळी बंद करतो का आपण?

तर अवस्था काय असते ती नीट समजून घेऊ.

वर्षानुवर्षं रोज दारू पोटात जाते तेव्हा मेंदू तिच्याशी जुळवून घेतो. दारू मेंदूला मंद करते, म्हणून मेंदू स्वतःचा वेग वाढवून ठेवतो. एक दिवस अचानक दारू थांबली की तो वाढलेला वेग तसाच राहतो आणि त्याला दाबणारं काही उरत नाही. सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात. घाम, उलट्या, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात. साप दिसतात, मेलेली माणसं दिसतात, कुठे आहोत ते कळत नाही. याला डॉक्टर ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. उपचार नसेल तर यात माणूस मरतो.

आमच्या टोळीतला एक गडी असाच गेला. वीस वर्षं पीत होता. वस्तीतल्या मंडळींनी त्याला चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या फोटोपुढे उभा केला. त्याने शपथ घेतली. आणि पाळली. दुसऱ्या दिवशी त्याला चहाचा कप धरवेना. मंडळी हसली, म्हणाली, बघा, निघतेय अंगातून. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर मुंग्यांची रांग दिसायला लागली, तो नखांनी भिंत खरवडायला लागला. वहिनी दारोदार फिरली. कुणी म्हणालं बाहेरची बाधा आहे, कुणी म्हणालं ढोंग करतोय, बाटलीसाठी. पहाटे दोनदा आकडी आली. हॉस्पिटलच्या दारात टॅक्सी थांबली तेव्हा तो संपला होता.

त्या माणसाने शपथ मोडली नव्हती. तो शपथ पाळून मेला.

त्याला काय हवं होतं? पाच-सात दिवस खाट. क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या गोळ्या, ज्या त्या खवळलेल्या मेंदूला शांत ठेवतात आणि रोज थोड्या थोड्या कमी करत बंद करतात. थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, कारण जुन्या पिणाऱ्याच्या अंगात ते उरलेलं नसतं आणि ते नसलं तर मेंदू कायमचा बिघडू शकतो. पाणी, जेवण, आणि नाडीवर लक्ष ठेवणारी एक नर्स. ही महागडी औषधं नाहीत. जिथे इस्पितळ आहे तिथे हे होऊ शकतं. म्हणून पहिली गोष्ट पाठ करा. जुना, रोजचा, सकाळी उठल्याउठल्या लागणारा पिणारा असेल, तर त्याला एका झटक्यात बंद करायला लावू नका. आधी डॉक्टर, मग शपथ.

दुसरी गोष्ट, लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिराती. ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा.’ आपल्या आया-बहिणी पोटाला चिमटा घेऊन ती पुडी आणतात, आमटीत कालवतात. त्या पुडीत काय असतं कुणाला ठाऊक. कधी राख, कधी डायसल्फिरॅम. डायसल्फिरॅम हे खरं औषध आहे, डेन्मार्कमध्ये १९४० च्या दशकात सापडलेलं. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की दारूचं विष अंगात साठतं, तोंड लाल होतं, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ज्याने समजून, सही करून, डॉक्टरच्या हाताने घेतलं त्याला ते कुंपणासारखं उपयोगी पडतं. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखी बाटली लावतो, आणि मरू शकतो. नकळत दिलेलं औषध म्हणजे उपचार नाही, विषप्रयोग आहे. याशिवाय दारूची ओढ कमी करणारी औषधं आहेत, नाल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट. आपल्या वस्तीत त्यांची नावं कुणी ऐकलेली नाहीत.

तिसरी गोष्ट, विषारी दारू. २००४ च्या डिसेंबरात विक्रोळीत ऐंशीहून जास्त माणसं मेली. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत शंभराहून जास्त. मेलेल्यांत मोलमजुरी करणारे किती होते ते सांगायला नको. त्या दारूत मिथेनॉल होतं, कारखान्यातलं रसायन. मिथेनॉलचं अंगात फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते आधी डोळे खातं. प्यायल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुकं आलं, पोट पिळवटलं, श्वास जोरजोरात सुरू झाला, तर झोपवून ठेवू नका, ‘उतरेल’ म्हणू नका. सरळ मोठं हॉस्पिटल गाठा. त्यावर उतारा आहे, डायलिसिस आहे. पण उपचार तासांच्या हिशोबाने चालतो, आणि आपली माणसं पोलिसांच्या भीतीने दिवस काढतात.

आता गर्द. ब्राउन शुगर. १९८० नंतर मुंबईत पसरली, आणि पोरं पन्नीवर जाळून ओढायला लागली. तिची तलफ, ज्याला पोरं टर्की म्हणतात, ती हाडं मोडणारी असते. अंग तुटतं, नाक-डोळे गळतात, जुलाब होतात. दारूच्या टर्कीने माणूस मरू शकतो. गर्दच्या टर्कीने सहसा मरत नाही, पण त्याला मेल्यासारखं वाटतं, म्हणून तो पळतो. आणि खरा धोका नंतर असतो. महिनाभर केंद्रात नाहीतर जेलात राहून बाहेर आलेल्या पोराची सवय उतरलेली असते. तो जुन्याच मापाने घेतो आणि श्वास बंद पडून जातो. म्हणून सुटून आलेल्या पोराचे पहिले पंधरा दिवस वस्तीने डोळ्यात तेल घालून बघायचे असतात.

यावर जगात सगळ्यांत जास्त पारखलेला उपाय कोणता? न्यूयॉर्कमध्ये १९६० च्या दशकात व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर या दोन डॉक्टरांनी हेरॉइन घेणाऱ्यांना रोज मेथाडोन द्यायला सुरुवात केली. ते अफूच्याच कुळातलं औषध आहे, पण त्याची झिंग चढत-उतरत नाही, माणूस कामावर जाऊ शकतो. त्याच कामाचं दुसरं औषध ब्युप्रेनॉर्फिन, जिभेखाली ठेवायची गोळी. जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही २००५ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. आपल्याकडे सुईने नशा घेणाऱ्यांना एड्स नियंत्रणाच्या सरकारी कार्यक्रमातून ही औषधं मिळतात. लोक म्हणतात, एक नशा सोडवून दुसरी दिली. अरे, मधुमेहवाला रोज इन्सुलिन टोचतो तेव्हा कुणी असं म्हणतं का? एमडी आणि तसल्या तरतरीच्या नशांवर मात्र अजून अशी खात्रीची गोळी नाही. तिथे बोलणं, समुपदेशन, दिवस बांधून देणं, हाच मुख्य उपचार. आणि स्टेशनवर सोल्यूशन हुंगणारी पोरं बघा. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांत शेकडा ०.५८ निघालं आणि मुलांत १.१७. मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत अशी ही एकच नशा. कारण ती स्वस्त आहे आणि भूक मारते. त्या पोराचा उपचार भाकरीपासून सुरू होतो.

औषध अंग धुतं. त्यानंतर आयुष्य उरतं, ते कसं काढायचं? १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारुडे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस निघालं. फी नाही, साहेब नाही, आडनाव विचारत नाहीत. आडनाव न विचारणारी जागा आपल्या देशात किती मोठी गोष्ट आहे ते तुम्हाला समजावायला नको. मुंबईत त्यांच्या मराठी सभा होतात. आपल्या बौद्ध पोरांना तिथे ‘वरची शक्ती’ हा शब्द टोचतो. त्यांचंच म्हणणं आहे की ती शक्ती ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे धरावी. मग संघ धरा की! माणूस एकट्याने पडतो आणि संघाने उभा राहतो, हे आपल्याला नवीन आहे का? २०२० साली कॉक्रेन या संस्थेने जगभरचे अभ्यास तपासले तेव्हा दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत ही वाट इतर मान्य उपचारांच्या तोडीस तोड किंवा सरस निघाली. पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण काढलं, पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने. तिथेही बरे झालेलेच पुढे कार्यकर्ते झाले. जो त्या खड्ड्यातून वर आला त्यालाच खड्ड्याची खोली ठाऊक असते.

पण आता खरा पेच सांगतो. अमेरिकन सैनिक व्हिएतनामच्या युद्धात हेरॉइन घेऊ लागले. ली रॉबिन्स नावाच्या बाईंनी १९७१ साली परतलेल्या शिपायांची पाहणी केली. साधारण पाचातला एक तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेला होता. घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले शेकडा पाचच्या आसपासच पुन्हा त्या गर्तेत पडले. जागा बदलली, बंदूक गेली, मरणाची भीती गेली. बहुतेकांची नशाही गेली.

आपल्या माणसाचं काय? तो वॉर्डातून सुटतो आणि त्याच गल्लीत येतो. तोच गुत्ता, तोच मुकादम, तीच बेकारी, तीच दहा बाय दहाची खोली. त्याचं युद्ध तिथेच आहे. महिनाभराने तो पुन्हा प्यायला की आपण म्हणतो, याच्यात दम नाही. दम त्याच्यात नाही की आपल्यात?

याचं उत्तर शोधणारी एक गोष्ट आपल्याच भाऊबंदांनी केली आहे, ती सांगतो. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. ते नाव आपण छातीवर मिरवतो. पण त्यांनी नशेच्या प्रश्नावर काय केलं ते कुणी सांगत नाही. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये लिंकन हॉस्पिटल होतं. गरीब काळे आणि पोर्टो रिकन लोकांचं. इतकं भिकार, की लोक त्याला खाटीकखाना म्हणायचे. आजूबाजूला हेरॉइनचा महापूर, आणि हॉस्पिटलात त्यासाठी उपचार नाही. १९७० च्या जुलैत यंग लॉर्ड्स या पोर्टो रिकन पोरांच्या संघटनेने ते हॉस्पिटल काही तास ताब्यात घेतलं. त्यांनी तक्रारीचं टेबल मांडलं, पेशंटची गाऱ्हाणी लिहून घेतली. त्याच नोव्हेंबरात त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी तिथल्या नर्सिंगच्या इमारतीतली जागा बळकावून व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. ब्लॅक पँथरचे लोक त्यात होते. चांगले डॉक्टर सोबत आले. मेथाडोन थोडे दिवस, हळूहळू कमी करत. पुढे कानात सुया टोचायचं चिनी ॲक्युपंक्चर. आणि रोज राजकीय वर्ग. तुझ्या गल्लीत हेरॉइन कुणी आणलं? पैसा कुठे जातो? तू झिंगलेला असलास तर फायदा कुणाचा? त्यांतला पेशंट बरा झाला की तो पुढच्या पेशंटजवळ बसायचा.

हे केंद्र आठ वर्षं चाललं. १९७८ साली पोलीस आणून ते उठवलं. ॲक्युपंक्चर सरकारने ठेवलं, राजकीय वर्ग काढून टाकला. कानातल्या सुया आज जगभर गेल्या, आणि त्या ज्या प्रश्नाबरोबर आल्या होत्या तो प्रश्न मागे राहिला.

आता डोळे उघडे ठेवून बोलू. त्यांचं सगळं बरोबर नव्हतं. कानातल्या सुयांनी व्यसन सुटतं याला पुढच्या अभ्यासांत भक्कम पुरावा मिळाला नाही. कायमचं मेथाडोन म्हणजे सरकारी बेडी, असं त्यांच्यातले अनेक म्हणत. त्या संशयाला कारण होतं, पण आजवरच्या अभ्यासांनी दाखवलंय की ते औषध चालू ठेवलं तर मरणं कमी होतात. म्हणून आपण त्यांची नक्कल करायची नाही. क्रांतीच्या नावाखाली गोळी नाकारायची नाही, आणि गोळी मिळाली म्हणून प्रश्न विचारायचं थांबवायचं नाही. त्यांच्याकडून घ्यायचं ते हे, की त्यांनी व्यसनी माणसाला समाजाचा कलंक म्हटलं नाही. त्याच्यासाठी हॉस्पिटल मागितलं. दिलं नाही तेव्हा घेतलं.

आपल्याकडे मागायला जागा आहे का? आहे. दिल्लीत व्यसनमुक्तीचं काम कुठल्या मंत्रालयाकडे आहे? सामाजिक न्याय मंत्रालयाकडे. ज्या खात्यातून आपली स्कॉलरशिप येते त्याच खात्यातून. त्यांच्या अनुदानावर संस्था केंद्रं चालवतात, तिथे उपचार फुकट असायला हवा. त्यांचा फोन १४४४६. आणि त्याच मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेली जी २०१९ ची पाहणी मी मघाशी सांगितली, ती म्हणते की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला ना कसला उपचार मिळाला. दाखल होऊन उपचार मिळाला १८० मागे एकाला. बाकीच्यांना काय मिळालं? शपथ, नाहीतर लाथ.

लाथ म्हणतो ती उगाच नाही. गल्लीबोळात खाजगी ‘नशामुक्ती केंद्रं’ निघाली आहेत. रात्री गाडी येते, चार जण पोराला उचलतात, डोकं भादरतात, कोंडतात, पट्ट्याने मारतात, आणि आईकडून महिन्याचे पैसे घेतात. त्या आईला वाटतं हाच उपचार. तिला सांगा, २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे. दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मनाचे आजार त्यात येतात. केंद्राला नोंदणी लागते. साखळीने बांधायला बंदी, एकांतात कोंडायला बंदी, जबरीने डोकं भादरायला बंदी. आणि ड्रग्जच्या १९८५ च्या कायद्यातच कलम ६४-अ आहे. थोड्या मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला तयार झाला आणि त्याने तो पुरा केला, तर त्याच्यावर खटला चालवू नये, अशी तरतूद आहे. किती वकिलांनी आपल्या पोरांना हे सांगितलं? बंगल्यातल्या पोराचा वकील पहिल्या दिवशी सांगतो.

बायांनी आडव्या बाटलीला मतदान करून दुकानं बंद पाडली, त्यांना माझा सलाम. पण ज्या दिवशी बाटली आडवी होते त्या दिवशी वस्तीतल्या जुन्या पिणाऱ्याला डॉक्टर लागतो. नाहीतर तो आकडीने मरेल, नाहीतर विषारी शोधेल. २०२१ च्या एप्रिलमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू बंद होती म्हणून माणसं सॅनिटायझर प्यायली आणि मेली. दुकान बंद करा आणि दवाखाना उघडा, या दोन मागण्या एकाच निवेदनात पाहिजेत.

आता शेवटी आपल्या धम्माचं बोलतो, कारण मागे बसलेल्या काही वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या दिसतायत. म्हणतील, हा शपथेची टिंगल करतोय. नाही. १९५६ साली नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती मी मानतो. पण पंचशीलातल्या प्रत्येक शीलाला पालीत काय म्हणतात? सिक्खापद. शिकण्याचं पाऊल. ती वरून आलेली आज्ञा नाही, की मोडली म्हणजे नरक. आपण पंचशील एकदाच घेऊन का थांबत नाही? लग्नात घेतो, मयतीत घेतो, जयंतीला घेतो, दर रविवारी विहारात घेतो. कारण माणूस शिकता शिकता पडतो, हे बुद्धाला माहीत होतं. पडलेल्याने पुन्हा घ्यायचं. अंगुलिमालाला ज्याने संघात घेतलं, त्याचे आपण अनुयायी, आणि एका प्यायलेल्या पोराला विहाराच्या पायरीवरून हाकलतो!

तर कामं सांगतो आणि बसतो.

आपल्या प्रत्येक शाखेने दोन पोरं नेमावीत. त्यांनी आपल्या भागातल्या म्युनिसिपल आणि सरकारी हॉस्पिटलात जाऊन विचारावं, दारूच्या टर्कीसाठी खाटा किती, मानसोपचाराची ओपीडी कुठल्या वारी, नाल्ट्रेक्झोन आणि ब्युप्रेनॉर्फिन मिळतं का. उत्तर लेखी मागावं. नाही मिळालं तर माहितीच्या अधिकारात मागावं. हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर आठवड्यातून एक दिवस तक्रारीचं टेबल मांडावं. भागातल्या खाजगी केंद्रांची नोंदणी तपासावी. विहाराची नाहीतर समाजमंदिराची खोली आठवड्यातून एक संध्याकाळ सोडणाऱ्यांना आणि सुटलेल्यांना द्यावी, आणि एक संध्याकाळ त्यांच्या बायकांना, आयांना. तिथे भाषण कुणी करू नये. मी पण नाही.

आणि सुटून आलेल्या माणसाला काम द्या. मंडळाच्या चौकटीत काम द्या, सतरंज्या घालायचं का असेना. त्याला पहिल्या दिवशी कुणीतरी सोबत लागतो, चौथ्या दिवशी लागतो, चाळिसाव्या दिवशी पण लागतो. तो पुन्हा पडला तर पुन्हा घेऊन जा. दम्याचा पेशंट दुसऱ्यांदा धापला म्हणून आपण त्याला वाळीत टाकत नाही. वाळीत टाकणं काय असतं ते आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

पुढच्या महिन्यात भेटाल तेव्हा मला किती जणांनी शपथ घेतली ते सांगू नका. खाटा किती निघाल्या तो आकडा घेऊन या.

जय भीम.